घडीवरचे ओरखडे

मी भित्रा माणूस आहे. आमच्या गोंडपिपरीकडं असं उघड कोणी सांगत नाही, पण लपवून काय फायदा? गेल्या मोहाच्या हंगामात अस्वलानं मला आडवं पाडलं, तेव्हापासून मागं पान वाजलं तरी दचकून वळतो.

जंगलाला लागून आमचं वावर आहे आणि धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, आमचं मोहाचं झाड. पहाटे त्याची फुलं पडतात. ती वेचायला आपण जातो, तशी अस्वलंही येतात; त्यांनाही मोह गोडच लागतो. म्हणून आमच्याकडं रीत आहे, की दुरूनच "होऽऽ, येऊन राह्यलो!" अशी हाक देत जायचं. मग एकानं वेचायचं आणि दुसऱ्यानं डबा वाजवत उभं राहायचं. त्या दिवशी बायको माहेरी होती. मी एकटाच खाली वाकून वेचत होतो. ते कुठून आलं, कळलंच नाही. त्यानं दंडाचा लचका तोडला, खडकावरून मला फरफटत नेलं आणि माझी बोंब ऐकून पळालं.

गडचिरोलीच्या दवाखान्यात दंड शिवला. जखम भरली. मनगटावरची स्टीलची घडी मात्र खडकावर घासून पार विद्रूप झाली होती. सासऱ्यांनी लग्नात दिलेली घडी. चालत होती बिचारी, पण बघवत नव्हती. मी ती पेटीत टाकून दिली.

यंदा मोह फुलला तशी बायको म्हणाली, "उद्यापासून जाऊ. झाडाखालचा पाला झाडून ठेवा." हे काम दरवर्षी माझंच. जमीन साफ असली की फूल लगेच दिसतं. मी हो म्हटलं, आणि झाडू घ्यायचा सोडून पेटीतून घडी काढली.

काचेवर चिकटपट्टी लावली, बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवला आणि घासायला बसलो. स्टीलवर बारीक रेषा असतात, त्या ज्या दिशेनं जातात त्याच दिशेनं घासायचं, असं बसस्टँडजवळच्या घडीवाल्या भाऊनं बजावलं होतं. मी नेमकं गोल गोल घासलं. मन ठिकाणावर असेल तर ना! एक ओरखडा गेला की तिथं धुरकट डाग यायचा. मग तो डाग काढायला आणखी घासायचं. खरं सांगू? मला ते संपायलाच नको होतं. हातात काम आहे तोवर झाडाखाली जावं लागत नव्हतं.

रोज पहाटे बायको टोपली घेऊन दारात उभी राहायची.

"चला ना."

"एवढं होऊ दे, आलोच."

तिकडं फुलं पडून वाळत होती, गुरं खाऊन जात होती. एक दिवस तिचं डोकं सणकलं. तिनं घडी माझ्या हातातून ओढूनच घेतली.

"घासा, घासा! घडी चमकन, पण मोह का घरी चालत येईन? भेव लागते तं तसं सांगा."

"लागते," मी म्हणालो. "लय लागते. तू बी नोको जाऊ."

"मी काऊन भेऊ? अस्वलाले सांगतो, नवरा घरी घडी घासून राह्यला, त्याले भेटून ये!" ती हसली. घडी स्वतःच्या मनगटात घातली. "ही मीच घालून जातो, नाईतर दिवसभर घासतच बसान." टोपलीत कुऱ्हाड टाकून ती निघालीसुद्धा.

मी दारात उभा. लाज वाटली, रागही आला, पण उंबरा ओलांडला नाही. मग मनात आलं, आता ती झाडाखाली पोचली असेल. वाकली असेल. तिच्या मागं कोणी नाही. आजवर मला स्वतःच्या जिवाचं भेव होतं. हे त्याहून वाईट निघालं. मला घरात थांबवेना. मी तसाच अनवाणी पळत सुटलो.

धुऱ्यावर पोचलो तेव्हा नुकतं उजाडत होतं. पळून इतकी धाप लागली होती की हाक काही निघेना. ती झाडाखाली पाठमोरी बसलेली दिसली आणि माझा जीव भांड्यात पडला. मी पुढं झालो. न झाडलेला पाला पायाखाली करकरला.

ती ताडकन उठली, वळली आणि किंचाळली. डोळे गच्च मिटलेले, दोन्ही हातांनी कुऱ्हाड उगारलेली. पातं डोक्यावर डुगडुगत होतं.

"मी आहो! अवं, मी आहो!"

तरी ती डोळे उघडेना. "कोण हाय? कोण हाय?" एवढंच म्हणत राहिली. मी हळूच जाऊन तिच्या हातातली कुऱ्हाड सोडवली, तशी ती मटकन खाली बसली.

टोपली तिच्या शेजारीच होती. फुलांचा सगळीकडं सडा पडलेला, आणि टोपलीत एकही फूल नव्हतं.

"आली तशी बसूनच आहो जी," ती म्हणाली. "खाली वाकाची हिंमतच नाई झाली."