मोटारीच्या इतिहासात माझी भर

हसायचं असेल तर आताच हसून घ्या, कारण एकदा सुरू झाले की मी मध्ये थांबणार नाही.

भुईगावात आमच्या आळीत पहिली मोटार आली ती आमच्या दारात. जुनीच होती, पेट्रोलचा काटा कायमचा आडवा. पण मोटार ती मोटार! त्याच सुमारास एका मासिकात मोटारीच्या शोधांवरचा लेख वाचला आणि मी तो चक्क पाठ केला.

माझ्या भाचीचं, रोझीचं लग्न. नवरी आमच्या मोटारीतून जाणार! सकाळपासून बायका मोटार बघायला येत होत्या. मिस्टर सकाळीच बँडवाल्यांना आणायला गेलेले. मी ऐटीत स्टार्टर दाबला.

"पूर्वी पुढून हँडल फिरवावं लागायचं, हात मोडायचे लोकांचे! आणि हवेचं टायर कुणी काढलं? जनावरांच्या डॉक्टरनं, पोराच्या सायकलसाठी! काच पुसायचा वायपर? एका बाईनं! आणि मोटारीतून पहिला लांबचा प्रवास कुणी केला? तोही बाईनंच, नवऱ्याला न सांगता!"

"न सांगता? अगो बाय!" शेजारच्या नाताळकाकी ओरडल्या.

"हो! वाटेत पेट्रोलची नळी तुंबली, तर टोपीची पिन घालून साफ केली पठ्ठीनं!"

नव्या बायका आल्या की मी परत पहिल्यापासून सांगे. इंजिनाचा आवाज सगळ्यांना ऐकू यायला नको का?

मग निघालो. पुढे बँड, मागे आम्ही. फादरांनी बजावलं होतं, "लागोपाठ दोन लग्नं आहेत. उशीर केलात तर दुसरी नवरी आधी उभी राहील."

आणि देऊळ, म्हणजे आमचं चर्च, दिसायला लागलं तोच मोटार दोनदा खोकली अन् गप्प!

"मावशी, माझं लग्न!" रोझी रडकुंडीला आली.

मला काय स्फुरण चढलं म्हणून सांगू! मिस्टरांनी बॉनेट उघडलं मात्र, मी त्यांना बाजूला सारलं.

"नळी काढून द्या. तुंबलीय ती."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"लेख वाचलाय मी!"

अंबाड्यातला आकडा उपसला, नळीत घातला, फिरवला, फुंकर मारली. परत फिरवला. अंबाडा सुटून पाठीवर, नाकाला काळं! बँडवाले वाजवायचं सोडून बघत राहिले.

स्टार्टर दाबला. काही नाही.

मिस्टरांनी एक काटकी टाकीत घालून बाहेर काढली. कोरडी ठणठणीत.

"काल तर भरलं होतं पेट्रोल! गेलं कुठे?"

सकाळभर इंजिन कुणी चालू ठेवलं होतं, ते आठवलं अन् मी पदरानं नाकाचं काळं पुसायला लागले. रोझीनं खिडकीतून डोकं काढलं.

"मावशी, नळी एकदम साफ झाली हं. आता तिच्यातून जायला पेट्रोल तेवढं आण!"

शेवटी निम्मा बँड वाजवत होता, निम्मा ढकलत होता. दुसऱ्या नवरीच्या आधी पोचलो, हे मात्र लिहून ठेवा! मी मान ताठ ठेवून उतरले.

देवळाच्या दारात नाताळकाकी उभ्याच होत्या. माझ्या मोकळ्या केसांकडे बघितलं, घामाघूम बँडवाल्यांकडे बघितलं.

"बाय, इतिहास सांगितलास तो चांगलाच. पण तुझी मोटार त्याच्याही आधीची दिसते गो!"