मिठागरातला जबडा

बाळांनो, धाकटीचा पहिला दात पडल्याचं तुमचं रंगूनहून पत्र आलं. ते मी तुमच्या आजोबांना वाचून दाखवलं. मग त्यांनी फौजदारकीतलं एक जुनं प्रकरण सांगितलं. त्यांच्याच शब्दांत उतरवते.

मी कल्याणला होतो. खाडीकाठच्या मिठागरात चिखल उपसताना माणसाचा खालचा जबडा सापडला. वर्दी आली, पंचनाम्याला गेलो. दात मिसरीने काळे होते. पंचांनी रंग पाहिला आणि ठरवूनच टाकलं, की ही मिठागराजवळच्या गावातून नाहीशी झालेली, मिसरी लावणारी सतरा वर्षांची सून. तिच्या नवऱ्याला चौकीवर आणलं. धमकावण्याची गरजच पडली नाही.

"सायब, मीच मारली तिला."

"कशानं?"

"हातानं. भात करपला म्हनून. ती खाडीकडं पलाली, ती आलीच नाय."

"बुडताना पाहिलीस?"

"बघायचं काय त्यात? मीच बुडवली."

हवालदार जांभई देत म्हणाला, "साहेब, तो स्वतःच फासावर चढतोय, आपण कशाला आडवं यायचं? मॅजिस्ट्रेटकडे पाठवू आणि जेवायला जाऊ."

मीही थकलो होतो. मॅजिस्ट्रेटपुढे गडी हेच बोलला असता तर संपलाच असता. पण ती मेल्याचा पुरावा म्हणजे तो एक जबडा. फडक्यात बांधून मी तो ठाण्याला सरकारी डॉक्टरांकडे नेला.

(इथे मीच सांगते, म्हणजे नीट कळेल. पुढचे चपटे ते पटाशीचे दात, घास तोडायला. त्यांच्या कडेचे टोकदार ते सुळे, फाडायला. मागच्या दाढा दळायला. अगदी शेवटची अक्कलदाढ उशिरा येते, बहुधा अठराव्या वर्षाच्या आसपास.)

डॉक्टरांनी विचारलं, "तुमची सून केवढी?"

"सतराची."

"मग ही तिची आजेसासू असेल."

पटाशीचे दात अर्धे झिजलेले, दाढा जुन्या जात्याच्या तळीसारख्या गुळगुळीत. अक्कलदाढसुद्धा.

जबडा कोणाचा ते शेवटपर्यंत कळलं नाही. पण सुनेचा नव्हता. आसपासच्या पोलीसपाटलांना तिचं वर्णन धाडलं. खडवलीकडच्या एका पाटलाने कळवलं, अशी मुलगी इथे मावशीकडे राहते. गेलो. ती अंगणात तांदूळ पाखडत होती. सगळं ऐकून म्हणाली, "त्यानं कबूल केलं ना, मला मारली म्हनून? मंग ऱ्हाऊ द्या तसंच."

"तो फासावर जाईल, पोरी."

तिने सूप खाली ठेवलं. "चला. जित्ती हाय, येवरं सांगते. मंग परत इथंच यीन."

तिची जबानी झाली, त्याला सोडलं. चौकीच्या दारात तो तिच्या पायाशी बसला.

"घरला चल."

"मेलेली बाय घरला येते काय?" ती म्हणाली आणि मावशीबरोबर स्टेशनकडे चालू लागली.

खुनाचं कलम मी काढून टाकलं. नोकरीत पुष्कळ खोटे कबुलीजबाब पाहिले. त्याचा मात्र पुरता खोटा होता, असं मला अजून म्हणवत नाही.