मशीनमावशी आणि कॅरिअरचा बोल्ट

मशीनमावशी खरं तर कुणाच्याच मावशी नाहीत. भाचरं आहेत ती सगळी भावांची, म्हणजे आत्या म्हणणारी. तयार कपड्यांच्या कारखान्यात त्या बावीस वर्षं शिलाई मशीन दुरुस्त करत होत्या. तिथल्या मुलींनी ठेवलेलं हे नाव कारखाना सुटला तरी सुटलं नाही. आता त्या आमच्या मागच्या गल्लीत, घराच्या पुढच्या खोलीत, सायकली दुरुस्त करतात.

या कामाकडे त्या वळल्या त्या रागाने. कामावर जायची त्यांची सायकल एका दुकानदाराने तीन दिवस ठेवून घेतली आणि होती तशीच कुरकुरत परत दिली. त्याच संध्याकाळी त्यांनी मागचं चाक काढून खोललं. "मशीनपेक्षा सोपं गं," त्या सांगतात, "इथे सगळं उघड्यावर असतं. मशीन पोटातलं ओठावर येऊ देत नाही."

त्यांच्या खोलीत बॉबिनच्या जुन्या डब्यांतून नट-बोल्ट असतात. चाकाच्या तारा त्या बोटाने छेडतात आणि कोणती ढिली आहे ते कानाने ओळखतात. तेल घालतात तेही मशीनच्याच लांब चोचीच्या बुधलीने, साखळीच्या एकेका कडीला एकेक थेंब. कुणी म्हणालं, "घाला की अजून थोडं," की उत्तर ठरलेलं: "आंघोळ नाही घालायची तिला."

आमच्या धाकटीने मामेभावाची जुनी डोंगरी सायकल मागून आणली तेव्हा मी नाक मुरडलं होतं. पुढे धक्के झेलणारा शॉक, मागे ताठ चौकट, म्हणून मुलं तिला हार्डटेल म्हणतात. शॉकमधून तेल गळत होतं. टायर ट्रॅक्टरसारखे. हिला घेऊन ती रोज ऑफिसला जाणार होती, आणि मग बारा दिवसांची रजा काढून एकटीच समुद्रापर्यंत. पण पंचवीस वर्षांच्या मुलीला नको कसं म्हणणार? मी म्हटलं, "मशीनमावशींनी सायकल ठीक आहे म्हटलं तर जा." ते गंजलेलं धूड बघून त्या पहिल्याच भेटीत वाटेला लावतील, अशी माझी खात्री होती.

त्यांनी सायकलीला एक प्रदक्षिणा घातली, चौकटीवर टकटक केलं आणि म्हणाल्या, "हाड चांगलं आहे. कपडे बदलू."

पाच शनिवार धाकटी तिथे होती. मावशी काम सांगत आणि हात मागे बांधून उभ्या राहत. शॉक जाऊन पुढचं चाक धरणारा साधा लोखंडी फोर्क आला, पण उंचीला तेवढाच. "आखूड घातलास तर सायकल नाक घासत चालेल आणि वळणावर तुला पाडेल." जाडजूड टायर गेले, गुळगुळीत आले. हँडल दोन्हीकडून दोन-दोन बोटं कापलं आणि टोकांना शिंगं बसवली, लांबच्या रस्त्यावर हात बदलून धरायला. पुढची सगळ्यात लहान दातेरी चकती धाकटी काढायला निघाली होती, वजन कमी होईल म्हणून.

"काढ, काढ," मावशी म्हणाल्या. "चढावर सामानासकट ढकलत नेशील तेव्हा वजन किती कमी झालं ते मला फोन करून सांग."

चकती राहिली.

खरी अडचण कॅरिअरची होती. मागच्या डिस्क ब्रेकमुळे त्याचा पाय चौकटीला टेकेना. मग नळीचा छोटा तुकडा मध्ये घालून लांब बोल्ट लावला. समतोल राहावा म्हणून दुसऱ्या बाजूलाही तसंच केलं. मावशींनी बजावलं, "हे दोन्ही नाजूक आहेत. दोन बोटांनी आवळ, मग पाव फेरा. बास."

हे मीही ऐकलं होतं. तरीही निघायच्या दोन दिवस आधी, धाकटी सायकल घरी ठेवून ऑफिसात गेली असताना, मी तिची बोल्ट आवळायची चावी घेतली. बारा दिवसांचं सामान त्या दोन बोल्टांवर! आधी उजवीकडचा आवळला, अंगात होता तेवढा जोर लावून. मग डावीकडचा, चावीला फडकं गुंडाळून, दोन्ही हातांनी. कट्ट आवाज झाला. बोल्टचं डोकं माझ्या हातात आलं, बाकीचा चौकटीत राहिला.

सायकल ढकलत मी मावशींकडे गेले आणि घडलं ते सगळं सांगितलं. त्यांनी वाकून बघितलं आणि शांतपणे विचारलं, "घट्ट करायचा होता, की मोडायचा होता?"

"घट्टच करायचा होता." मग खोटं बोलवेना. "पण मोडला तेव्हा क्षणभर बरं वाटलं."

"हं," एवढंच म्हणून त्यांनी चाक काढलं. मी ड्रिल, हातोडा असं काहीतरी मनात धरून बसले होते. त्यांनी आतल्या बाजूने जेमतेम दिसणारं बोल्टचं टोक पकडीत धरलं आणि हलकेच फिरवलं. तुकडा सुरसुर बाहेर आला.

"इतका सैल कसा?"

"डोकं गेलं की ओढायला कुणी उरत नाही. ताण सगळा डोक्यात असतो, तुझ्यामाझ्यासारखाच."

नवा बोल्ट त्यांनी मलाच बसवायला लावला. दोन बोटं, पाव फेरा. माझा हात थांबेना, तेव्हा त्यांनी मनगटावर हलकी चापट मारली. "सोड. पकडलंय त्याने."

मग तसलाच आणखी एक बोल्ट माझ्या तळहातावर ठेवला. "घरी जा आणि तिला सगळं सांग, काही न लपवता. तिने हा मागितला तर ती निघायला तयार आहे. नाही मागितला तर सायकल परत आण, मी जाऊ देणार नाही."

म्हणजे निकाल अजून लागलाच नव्हता. रस्ताभर मला कळेना, तिने मागावा असं मला वाटतंय की मागू नये असं.

धाकटी आली. पाणी प्यायच्या आधीच मी सगळं सांगून टाकलं. तिने डोक्याला हात लावला. "आई! तू पण ना!" मग सायकलीपाशी उकिडवी बसून तिने माझा डावीकडचा बोल्ट तपासला. "हा बरोबर बसलाय." आणि मान वर न करता म्हणाली, "आधी उजवीकडचा आवळलास म्हणालीस. किती?"

"तेवढाच."

"मग तोही गेलाच असणार. दुसरा बोल्ट लागेल. मावशींनी दिलाय?"

मी मूठ उघडली.

तिने उजवीकडचा काढून दिव्याखाली धरला. मधे एका जागी त्याची मान ताणून बारीक झाली होती. घरापासून शंभर किलोमीटरवर तुटला असता, नाहीतर दोनशेवर. तिने नवा घातला, दोन बोटांनी, मग पाव फेरा, आणि चावी खिशात टाकली. माझ्या हाताला लागेल अशी बाहेर ठेवली नाही.

"परवा किती वाजता निघतेस?" मी विचारलं.

"पाच. का गं, अजून काही आवळायचंय?"

"नाही," मी म्हटलं. "सायकल ठीक आहे. जा."