लितियाची टाकी आणि तौवूचा हात

फिजीतल्या आमच्या लाउतोकाच्या कापडरंगाईत सांडपाण्याची टाकी लितिया सांभाळते. आम्ल, लोखंडाचा क्षार, वर पेरॉक्साइड, शेवटी चुना. गडद निळं पाणी तिच्याकडून नितळ होऊन निघतं. घरचे बनही ती इथेच फुगवते. यीस्ट घालून मळलेल्या मैद्याचा डबा बॉयलरच्या उबेला ठेवलेला असतो. मॅनेजरला वाटतं, त्यात टाकीचंच काहीतरी औषध आहे.

त्या दिवशी पाणी नितळ होतं, पण सीओडी, म्हणजे उरलेल्या घाणीचा आकडा, हद्दीच्या वर. दुपारी तपासणीच्या मॅडम येणार होत्या. आकडा उतरला नाही तर व्हॉल्व्हला सील आणि रंगाई बंद. लितियानं पेरॉक्साइड वाढवलं. आकडा आणखी चढला. तिनं पुन्हा कॅन उचलला.

बॉयलरवाला इनोके तिचा तौवू. दोघांच्या गावांचा मूळ देव एक, म्हणून एकमेकांना काहीही बोलायचं, एकमेकांचं काहीही उचलायचं आणि समोरच्यानं चिडायचं नाही.

"खेकडेखाऊ, टाकीला भूक लागलीय तुझ्या!" म्हणत त्यानं डब्यातल्या गोळ्याचा लचका तोडून नमुन्याच्या बरणीत टाकला.

"मेल्या, नमुना होता तो!"

बरणीतून फेस उसळला. लितियानं कॅन खाली ठेवला.

"यीस्ट पेरॉक्साइड फोडतं. फेस आला म्हणजे ते उरलंय," ती पुटपुटली. "घाण नाहीच. चाचणी माझ्या औषधालाच घाण समजून मोजतेय, आणि मी आणखी ओततेय."

इनोके लगेच अख्खा डबा घेऊन टाकीकडे निघाला.

"थांब रे रेड्या! मैदा पडला तर खरीच घाण होईल."

तिनं पिशवीतलं यीस्टचं पाकीट फोडलं, पाण्यात कालवून टाकीत सोडलं. टाकी फसफसली. फेस बसल्यावर तिनं वरचं पाणी गाळून चाचणीच्या नळ्यांत भरलं आणि नळ्या तापायला लावल्या.

मॅडम आल्या तेव्हा नळ्या तापतच होत्या. सीलची तार मांडीवर ठेवून त्या बसल्या. मॅनेजर घाम पुसत होता. इनोके हात जोडून बसला होता. असा तो चर्चमध्येही नसतो.

आकडा हद्दीच्या आत आला. मॅडमनी स्वतःची बाटली भरून घेतली, तार पिशवीत टाकली आणि गेल्या.

"वाचवलं की नाही तुला?" इनोके ओरडला. "आजचे बन माझे."

लितियानं वाकून त्याच्या पायातल्या नव्या चपला काढल्या, स्वतःच्या पायात घातल्या आणि घरी निघाली. तौवूच तो, चिडणार कसा? तापल्या डांबरावरून उड्या मारत तिच्यामागे गेला.