नऊ दिवस चाललेला जॉब

तेव्हा मी कोथरूडहून स्कूटरने एका संशोधन संस्थेत नोकरीला जायचो. खराडीत काचेच्या इमारती नुकत्याच उभ्या राहत होत्या. आमच्याकडे क्लस्टर आला होता, म्हणजे एकमेकांना जोडलेले बत्तीस संगणक. प्रत्येकाने आपलं काम, ज्याला आम्ही जॉब म्हणायचो, रांगेत लावायचं. कुणाचं कधी चालवायचं ते शेड्युलर नावाचा प्रोग्रॅम ठरवायचा. ती रांग सांभाळणारा मी. "इथे वशिला चालत नाही," असं येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवायचो.

यवतमाळकडची एक मुलगी तिथे पीएचडी करत होती. पाणी कमी पडलं की उसाचं काय होतं, हा तिचा विषय. पुण्याजवळच्या मांजरी गावच्या शेतांत उन्हातान्हात हिंडून तिने आकडे जमवले होते. तिचा जॉब नऊ दिवस चालला होता, अजून दोन दिवस लागणार होते. मध्येच थांबला तर पुन्हा पहिल्यापासून.

त्या दिवशी सकाळी संचालकांचा फोन आला. "दुपारी पाहुणे येतायत. सगळी मशीन्स मोकळी हवीत."

"हो सर," मी म्हणालो. कुणाचं काम चालू आहे, हेसुद्धा सांगितलं नाही. जॉब रद्द केला. पाहुण्यांनी पडद्यावर हवामानाच्या प्रोग्रॅमने काढलेले रंगीत ढग पाहिले, बटाटेवडे खाल्ले आणि गेले.

दुसऱ्या दिवशी ती आली. "सर, माझा जॉब बंद पडला. काय झालं असेल?"

"तुमच्याच प्रोग्रॅममध्ये चूक असेल. मशीन उगाच कुणावर रुसत नाही."

तीन आठवडे ती चूक शोधत होती. कॅन्टीनमध्ये चहा गार व्हायचा आणि ती कागदावर एकेका ओळीपुढे पेन्सिलने खुणा करत बसायची. एकदा तिने मलाच विचारलं, "ही ओळ बघता का जरा?" ओळ बरोबर होती. "शंका आहे खरी," मी म्हणालो. त्या वाक्याची मला आजही सगळ्यात जास्त लाज वाटते.

शेवटी तिने संगणकावरची शेड्युलरची नोंदवही उघडली. ती कुणालाही वाचता यायची. एका सकाळी तिने माझ्या टेबलावर प्रिंटआउट ठेवला. तिच्या जॉबचा नंबर, वेळ, आणि रद्द करणारा म्हणून माझं नाव.

"विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं, सर," ती म्हणाली. "पण तीन आठवडे मी स्वतःला मूर्ख समजत होते."

मी घाईघाईने म्हणालो, "आत्ता सगळ्यांच्या पुढे लावतो तुमचा जॉब."

"नको. माझ्या आधी सात जण आहेत."

ती रांगेत थांबली. ज्या परिषदेत शोधनिबंध वाचायचा होता, तिची तारीख उलटून गेली. पीएचडीही लांबली. ती झाल्यावर तिने सगळ्या विभागात पेढे वाटले, माझ्याही टेबलाशी आली. "घ्या, सर." मी पेढा घेतला, अभिनंदन केलं. 'माझं चुकलं' हे दोन शब्द तेव्हाही तोंडातून निघाले नाहीत. पुढच्याच महिन्यात ती पुणं सोडून गेली.