कॉम्प्युटरची पाहणी

भूकंपाला दहाएक वर्षं होत आली होती आणि लातुरात कोचिंग क्लासच्या पाट्यांना भिंती पुरेनाशा झाल्या होत्या. त्या काळात मी तिथल्या एका दैनिकात बातमीदार होतो. दुपारी परगावची वर्तमानपत्रं चाळायला सार्वजनिक वाचनालयात जायचो. तिथं सरकारी योजनेतून तीन कॉम्प्युटर आले होते. ग्रंथपालबाईंनी त्यासाठी इतके अर्ज केले होते, की वरच्या कार्यालयात पाकिटावरचं अक्षर बघूनच लोक म्हणत, 'लातूरच्या बाई.'

कॉम्प्युटरच्या खोलीत पायताण घालून जायला बंदी होती. त्यातून एक पद्धत पडली. दाराबाहेर ज्या क्रमानं चपला, त्या क्रमानं नंबर. चपला रांगेत लावायच्या आणि आपण हॉलमध्ये पंख्याखाली बसायचं. पुढचा उठला की मागच्या सगळ्या चपला एकेक जागा पुढं सरकायच्या. सीईटीची मुलं, मुलाला अमेरिकेत मेल धाडणारे एक निवृत्त गुरुजी, धर्माबादेतला मिरचीचा भाव बघणारे अडते, सगळे हा नियम पाळत. गुरुजींच्या चपला कुणी ओलांडल्या तर ते हॉलमधून ओरडत, "ए, माझ्यावरून गेलास!"

मग निरोप आला, की पाहणीला एक साहेब येणार. कॉम्प्युटरमुळं लोकांमध्ये काय फरक पडला याचं ते मूल्यमापन करणार. वापर दिसला नाही, तर तिन्ही कॉम्प्युटर जळकोटच्या वाचनालयाला जाणार.

बाईंनी धसका घेतला. आणि तपासणी म्हटल्यावर आपल्याकडं जे करतात ते सगळं केलं. पायऱ्या धुतल्या, रांगोळी काढली. कॉम्प्युटर पुसून त्यांच्यावर भरतकामाचे रुमाल टाकले आणि वर झेंडूचे हार घातले. दारापुढच्या चपला दिसायला बऱ्या नाहीत म्हणून पोत्यात भरून मागं नेल्या. खोलीतल्या मुलांना उठवून हॉलमध्ये बसवलं आणि प्रत्येकाच्या हातात हाताला येईल ते पुस्तक दिलं.

"साहेब जाईपर्यंत कॉम्प्युटरला कुणी हात लावायचा नाही. डाग पडतात."

साहेब आले. मोजकं बोलणारे, पुण्याकडचे. त्यांनी हार घातलेले कॉम्प्युटर पाहिले.

"हे वापरतं कोण?"

"सगळेच वापरतात, साहेब."

"मग आहेत कुठे?"

"हे काय, हॉलमध्ये."

हॉलमध्ये सगळी डोकी पुस्तकात होती. गुरुजी विणकामाचे नमुने वाचत होते. साहेब मनापासून खूश झाले. "वाचनाची इतकी आवड मी कुठं पाहिली नाही. इथं कॉम्प्युटरची गरजच नाही. जळकोटला पाठवून देऊ."

बाई घाईनं पुढं झाल्या. "साहेब, मीच उठवलंय त्यांना. तुम्ही येणार म्हणून."

"आणि आता माझ्यासाठी परत बसवाल. असली बसवलेली माणसं मी रोज बघतो, बाई. ते चालणार नाही."

आता खरं बोलायलाही वाव उरला नव्हता. बाईंनी पोह्यांची बशी पुढं केली. साहेबांनी पहिला घास घेतला आणि कपाटांच्या काचा वाजायला लागल्या.

काचा वाजल्या की आमच्याकडं कुणी विचार करत नाही. डोक्याला कळायच्या आत पाय बाहेर असतात. ज्या पोरांनी भूकंप पाळण्यातून पाहिला, तीही अशीच पळतात. क्षणात हॉल रिकामा झाला. मीही बाहेर होतो. बाई फाटकापाशी पोचल्यावर एकदम थांबल्या.

"अगं बाई! पाहुणे आतच राहिले!"

त्या उलट्या धावल्या आणि साहेबांना बाहीला धरून ओढत घेऊन आल्या. साहेबांच्या हातात बशी होती आणि चेहऱ्यावर काहीच नव्हतं.

समोरच्या पटांगणात तोवर भांडण पेटलं होतं. सगळे अनवाणी. पाहणी तर झाली, आता नंबर लागणार. पण चपला पोत्यात, म्हणजे क्रम गेला. तो आठवून लावणं चाललं होतं.

"तू माझ्या मागं व्हतास."

"मी? सकाळधरनं बसलोय की!"

"गुरुजी, तुमी तिसरे. सरका मागं."

"जमीन हलायलीय आन् तू मला सरक म्हणायलास?"

"हलू द्या की. नंबर हलाय नगं."

बघता बघता कपाटाच्या काचा वाजत असताना पटांगणात सरळ रांग उभी राहिली.

साहेबांनी बशी खाली ठेवली. "ही कसली रांग?"

सगळ्यात पुढं मेसमध्ये राहून सीईटीची तयारी करणारी एक मुलगी होती. ती म्हणाली, "कॉम्प्युटरची."

"तुझं गाव?"

"जळकोट."

"मग काय, तुझ्याच गावाला चाललेत."

"न्या की, साहेब. पण मंग आमाला बी माघारी न्या. शिकणारं जळकोट सगळं हितंच हाय."

आधी गुरुजी हसले, मग रांग हसली. तेवढ्यात शेजारच्या क्लासच्या भिंतीवरून कुणीतरी ओरडलं, "अहो, बोअर घ्यायलोय, बोअर! पळताय कशाला?"

मग मात्र हसण्याला धरबंध राहिला नाही. बाई डोळे पुसत हसत होत्या. रांग तशीच आत गेली. हार उतरले, रुमाल उतरले, तिन्ही पडदे उजळले.

साहेब दाराशी घुटमळले. "मलाही जरा मेल बघायचा होता."

"बघा ना," मुलगी मान न वळवता म्हणाली. "शेवटी उभं राहा."

साहेबांनी बूट काढले आणि एका अडत्याच्या मागं जाऊन उभे राहिले. त्यांची पाळी यायला बराच वेळ लागला, आणि बसले ते उठेनात. तोवर मेल धाडून झालेल्या गुरुजींनी मागं दुसऱ्यांदा नंबर लावला होता. खोकले सुरू झाले. बाईंनी धीर करून हळूच विचारलं, "मग जळकोटचं काय, साहेब?"

"त्यांना नवे मागवू," साहेब पडद्याकडं बघत म्हणाले. "हे इथून हलवता येणार नाहीत."

"ते ऱ्हाऊ द्या," मागून गुरुजी म्हणाले, "आधी तुमी हला."