नव्या कॅमेऱ्यात काय असंल

"नवीन येतोय त्यात काय काय असंल वो?"

माथेरानच्या आमच्या पॉइंटवर गळ्यात मोठा कॅमेरा घातलेला कुणी आला, की फोटोवाले भाऊ त्याला आधी हे विचारायचे. गिऱ्हाईक नंतर.

तुम्ही तिथे गेला असाल तर त्यांनी तुमचाही फोटो काढला असेल. मी बाजूलाच लिंबू सरबत विकते. फार बोलत नाही, म्हणून सगळं ऐकू येतं.

भाऊंचे अंदाज रोज वाढायचे. नवा कॅमेरा धुक्यातली दरी दाखवील. मिटलेले डोळे उघडे काढील. घोडेवाला विचारायचा, "माझ्या घोड्याला हसवंल का?" भाऊ गंभीरपणे म्हणायचे, "सांगता येत नाय रं. कंपनीवाले काय पन करतील."

पुढे त्यांचे हात थरथरायला लागले. आधी चहाचा कप, मग कॅमेरा. तेव्हापासून एकच अंदाज उरला. "हात कितीबी हलला तरी फोटो हलनार नाय, असा येतोय म्हनतात. पोरीच्या लग्नापर्यंत आला पायजे." एकुलती एक पोर. तिच्या लग्नाचे फोटो दुसऱ्या कुणाला काढू द्यायचे नव्हते.

एक दिवस मला म्हणाले, "ताई, जरा पुढं उभी ऱ्हातेस? खांद्यावर कोपर टेकतो." मी मान खाली घालून उभी राहिले. फोटो स्वच्छ आला. मग रोजचंच झालं. घोडेवाला म्हणायचा, "भाऊंचा नवा कॅमेरा आला बघा, सरबत पन देतो." मला हसू यायचं, पण मी हलायची नाही.

लग्नाचा दिवस आला, कॅमेरा आला नाही. डोंगराखाली पळसदरी गावातल्या मांडवात भाऊंच्या बायकोनेच मला हाताला धरून पुढे नेलं. "लाजू नको गं, आज तुझ्याबिगर व्हायचं नाय." एवढ्या लोकांसमोर मी दिवसभर त्यांच्यापुढे उभी होते. अक्षता, सप्तपदी, पंगत, सगळे फोटो चांगले आले.

भाऊ त्याच पावसाळ्यात गेले. मला आठवते ती पाठवणी.

पोर गाडीपाशी थांबली, वळली आणि फोटोसाठी नीट उभी राहिली. मी श्वास रोखला. खांद्यावरचं कोपर थरथरत होतं, पण ते रोजचं थरथरणं नव्हतं.

"बाबा, काढा ना," ती म्हणाली.

बटणाचा आवाज आलाच नाही. ती गाडीत बसली. गाडी वळणाआड गेली. लोक मांडवाकडे परतले.

"ताई," भाऊ मागून हळूच म्हणाले, "आत्ताच हलू नको गं."